प्रोबायोटिक कॅप्सूल, पोट आणि पशुखाद्य: 'चांगले बॅक्टेरिया' नक्की कुठे चांगले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अँटिबायोटिकचा सात दिवसांचा कोर्स चालू आहे आणि डॉक्टरांनी सोबत प्रोबायोटिक कॅप्सूल लिहून दिल्यात. घरातला एकजण म्हणतो घेच, पोटातले चांगले बॅक्टेरिया मरतात ते भरून निघतात, दुसरा म्हणतो सगळा धंदा आहे. मग वाचायला बसलं तर लठ्ठपणापासून ऑटिझमपर्यंत सगळंच आतड्यातले जंतू ठरवतात असं दिसतं, गाईगुरांच्या न् कोंबड्यांच्या खाद्यातही आता हेच घालतात असं कळतं, आणि शेवटी मायक्रोबायोम टेस्टची, म्हणजे शौचातल्या जंतूंची यादी काढून देणाऱ्या टेस्टची जाहिरात समोर येते. तर यातलं खरं किती, कॅप्सूल घ्यायची का, टेस्ट करायची का.

उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

मी मायक्रोबायोलॉजीत २५ वर्षांच्या वर काम करतेय, पहिली काही वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मग अन्नपदार्थ तपासणाऱ्या लॅबमध्ये, आणि आता बराच काळ पशुखाद्यातल्या जंतूंवर. या तिन्ही ठिकाणी एक जंतू माझ्या मागेमागे आला, एन्टेरोकोकस फेसियम. हॉस्पिटलात हा पेशंटच्या रक्तात सापडला आणि याच्यावर व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चालत नाही असा रिपोर्ट निघाला की धावपळ सुरू, पेशंटला वेगळ्या खोलीत हलवा, आजूबाजूच्यांची तपासणी करा. फूड लॅबमध्ये हाच बुवा जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये भेटला, तिथे तो चव न् वास आणतो म्हणून त्याचं कौतुक. आणि पशुखाद्यात तर याचेच ठराविक स्ट्रेन युरोपात रीतसर मंजुरी घेऊन वासरांना, डुकराच्या पिलांना, कोंबड्यांना खायला देतात. नाव तेच, पण एका दाराशी याला अडवतात, दुसऱ्या दाराशी हार घालतात. त्यामुळे 'हा चांगला बॅक्टेरिया आहे का हो' असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न तयारच असतो, कोणता स्ट्रेन, कुठे, कुणाच्या शरीरात?

स्ट्रेन हा शब्द नीट समजून घ्या कारण सगळी गोम तिथेच आहे. आपण 'ई. कोलाय' म्हणतो तेव्हा ते फक्त आडनाव झालं, त्या घरातला नेमका कोण हे सांगतो तो स्ट्रेन. पहिल्या महायुद्धात जर्मनीत आल्फ्रेड निस्ले या डॉक्टरला एक सैनिक भेटला, आसपासचे सगळे जुलाबांनी बेजार आणि याला काहीच नाही, तर त्याच्या शौचातून त्याने १९१७ मध्ये जो ई. कोलाय वेगळा केला तो आजही आतड्याच्या सूज-व्रणाच्या आजारावर औषध म्हणून वापरला जातो. त्याच आडनावाचा ओ१५७:एच७ हा १९८२ मध्ये अमेरिकेत नीट न शिजलेल्या हॅम्बर्गरमधून पसरला, रक्ताचे जुलाब आणि काहीजणांच्या किडन्या निकामी. आणि २०११ मध्ये जर्मनीत ओ१०४:एच४ ने तर कहर केला, ३,८०० च्या वर लोक आजारी आणि ५० च्या वर मृत्यू. आधी खापर स्पेनच्या काकड्यांवर फुटलं, काकडीवाल्यांचं दिवाळं निघायची वेळ आली, आणि शेवटी धागा जाऊन पोचला मेथीच्या मोड आलेल्या दाण्यांपर्यंत. या तिसऱ्याची गंमत अशी (गंमत कसली, पण आम्हा लॅबवाल्यांना तसंच बोलायची सवय) की तो आतड्याला घट्ट चिकटणारा एक जुना प्रकार होता आणि त्याने बॅक्टेरियांवर जगणाऱ्या एका विषाणूकडून शिगा टॉक्सिन या विषाचा जीन उचलला होता. म्हणजे काल साधा असलेला स्ट्रेन आज घातक होऊ शकतो, जीन इकडून तिकडे जातात, जंतूंच्या जगात वारसा फक्त आईकडूनच मिळतो असं नाही, शेजाऱ्याकडूनही मिळतो.

आता कॅप्सूल. प्रोबायोटिकची शास्त्रीय व्याख्या अशी की जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात दिले, आणि त्यांचा फायदा सिद्ध झाला, तरच ते प्रोबायोटिक. तीन अटी आहेत आणि दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टी तिसऱ्या अटीलाच गळतात. अँटिबायोटिकसोबत घेतल्यावर काय होतं यावर बऱ्यापैकी अभ्यास आहेत. अँटिबायोटिकनंतरचा सगळ्यात वाईट जुलाब होतो क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल या जंतूमुळे, आम्ही त्याला नुसतं सी. डिफ म्हणतो. २०१७ मध्ये ३१ चाचण्या एकत्र करून बघितल्या, साडेआठ हजारांवर माणसं, तर प्रोबायोटिक घेणाऱ्यांत सी. डिफचे जुलाब साधारण ४ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आले. वाचायला मस्त वाटतं ना? पण खोलात गेलं की दिसतं हा फायदा मुख्यतः अशा लोकांना झाला ज्यांना मुळातच धोका जास्त होता, म्हणजे वयस्कर, हॉस्पिटलात दाखल, एकावर एक अँटिबायोटिक चालू. घरी बसून घसादुखीसाठी पाच दिवसांचा कोर्स घेणाऱ्या धडधाकट माणसाला मुळात सी. डिफ होण्याची शक्यताच इतकी कमी की कमी होऊन होऊन किती होणार. अमेरिकेच्या गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी असोसिएशनने २०२० मध्ये सगळा पुरावा चाळून सांगितलं की पोटाच्या बहुतेक आजारांसाठी प्रोबायोटिक द्याच असं म्हणण्याइतका पुरावा नाही, अपवाद मोजके, त्यातला एक हाच सी. डिफ टाळण्याचा आणि तोही ठराविक स्ट्रेनसाठी.

लहान मुलांच्या जुलाबांचं तर मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. रॅम्नोसस जीजी हा जगातला सगळ्यात जास्त अभ्यासलेला प्रोबायोटिक स्ट्रेन, वर्षानुवर्षं मुलांच्या जुलाबात देतात, मीही लोकांना बिनधास्त सांगायचे. २०१८ मध्ये अमेरिकेत इमर्जन्सीत आलेल्या ९७१ मुलांवर नीट चाचणी झाली, अर्ध्यांना खरं अर्ध्यांना खोटं, आणि मध्यम ते तीव्र त्रास राहिलेल्यांचं प्रमाण एका गटात ११.८ टक्के, दुसऱ्यात १२.६, म्हणजे फरक नाहीच. त्याच वेळी कॅनडात वेगळ्या प्रॉडक्टवर तशीच मोठी चाचणी झाली, तिथेही तेच. तेव्हापासून मी सांगायचं बंद केलं. मुलाला जुलाब झाले की ओआरएस आणि झिंक आधी, हे मात्र पक्कं.

आणि 'मेलेले भरून निघतात' या कल्पनेलाच इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी धक्का दिला, तेही २०१८ लाच. २१ निरोगी लोकांना आठवडाभर दोन जोरदार अँटिबायोटिक दिली, मग तीन गट केले. एका गटाला काहीच दिलं नाही, दुसऱ्याला ११ स्ट्रेनचं प्रोबायोटिक चार आठवडे, आणि तिसऱ्याला त्यांचंच आधी जपून ठेवलेलं शौच परत आतड्यात सोडलं. तिसऱ्या गटाची मूळ वस्ती काही दिवसांत परत आली, काहीच न घेणाऱ्यांची सुमारे तीन आठवड्यांत बऱ्यापैकी रुळावर, आणि प्रोबायोटिकवाल्यांची वस्ती सहा महिने झाले तरी पूर्ववत नव्हती! बाहेरून आलेल्यांनी रिकाम्या घरात पथारी पसरली आणि मूळ मालकांना दार उघडेना. आता २१ लोक म्हणजे काही फार नाहीत, आणि वस्ती उशिरा परत आली म्हणून ते लोक आजारी पडले असंही नाही, त्यामुळे यावरून 'प्रोबायोटिक घातक' असं कुणी म्हणत असेल तर तेही चूकच. पण निर्धास्तपणे 'घ्या हो, नुकसान तर काही नाही' हे वाक्य मी त्यानंतर वापरत नाही.

मग तुम्ही काय करायचं? डॉक्टरांनी लिहून दिलंय म्हणजे त्यांच्या डोक्यात काहीतरी कारण असेल, एकदा थेट विचारा की जुलाब टाळायला दिलंय का आणि किती दिवस. घ्यायचं ठरलं तर अँटिबायोटिक आणि बॅक्टेरियावाली कॅप्सूल यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर एकाने दुसऱ्याला मारायचं आणि आपण दोघांचे पैसे भरायचे. कॅप्सूलमध्ये सॅकरोमायसिस बुलार्डी असेल तर ती यीस्ट आहे, बॅक्टेरिया नाही, तिला अँटिबायोटिक काही करत नाही. आणि इथे जरा थांबून वाचा, ज्यांची प्रतिकारशक्ती खूप कमी झाली आहे, केमो चालू आहे, किंवा मानेच्या-छातीच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली आहे अशांना यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, जिवंत जंतू आहेत ते, आतड्यात शहाण्यासारखे वागले तरी रक्तात गेले की तसे वागतीलच असं नाही. यीस्ट रक्तात गेलेल्या केसेस जगभर नोंदलेल्या आहेत.

रक्तात गेल्याचा विषय निघालाय तर नवजात बाळांचं सांगतेच, कारण दोन्ही बाजू एकाच ठिकाणी दिसतात. २०१७ मध्ये ओडिशातल्या खेड्यांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, साडेचार हजारांवर पूर्ण दिवसांची, बऱ्या वजनाची बाळं, त्यांना जन्मल्यावर काही दिवसांत आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक स्ट्रेन आणि त्याला खायला एक प्रकारची साखर असं दिलं. सेप्सिस (अंगभर भिनलेलं गंभीर इन्फेक्शन) किंवा मृत्यू हे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. हा आकडा वाचला तेव्हा मी दोनदा वाचला, इतक्या साध्या गोष्टीने इतका फरक क्वचित दिसतो. आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, इशारा दिला की हॉस्पिटलात कमी दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देणं धोक्याचं ठरू शकतं, कारण एका बाळाला दिलेल्याच बॅक्टेरियाचं रक्तात इन्फेक्शन झालं आणि ते दगावलं. स्ट्रेन वेगळा, बाळ वेगळं, आतड्याची भिंत वेगळी. कमी दिवसांच्या बाळांबाबत डॉक्टरांमध्ये अजून वाद चालू आहे कारण त्यांच्यात आतडं सडण्याचा एक भयंकर आजार होतो आणि काही प्रोबायोटिकने तो कमी होतो असंही दिसलंय. तिथे निर्णय एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) लोकांनीच घ्यायचा, आपण व्हॉट्सअॅपवर नाही.

जिथे आतड्यातल्या जंतूंची ताकद निर्विवाद दिसली ती जागा म्हणजे पुन्हा सी. डिफच. वारंवार उलटणाऱ्या सी. डिफवर निरोगी माणसाचं शौच पेशंटच्या आतड्यात सोडायचं, किळस येते पण काम करतं. १९५८ मध्येच अमेरिकेत सर्जन बेन आयझमन यांनी असा प्रयोग केला होता, पण नीट चाचणी झाली २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये, १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे, नुसत्या व्हॅन्कोमायसिनवर १३ पैकी ४. फरक इतका मोठा की चाचणी मधेच थांबवली. पुढे एफडीएने २०२२ आणि २०२३ मध्ये याच तत्त्वावरची दोन औषधं मंजूर केली, एक आतड्यात मागच्या बाजूने सोडायचं आणि एक चक्क तोंडाने घ्यायची कॅप्सूल. पण इथेही स्ट्रेनने दणका दिलाच, २०१९ मध्ये एका दात्याच्या शौचात अँटिबायोटिकला दाद न देणारा ई. कोलाय होता, तपासला नव्हता, आणि तो ज्यांच्या पोटात गेला त्यातला एक पेशंट वारला. दाता ठणठणीत होता बरं का.

आता 'सगळंच आतड्यातून ठरतं' या बातम्यांबद्दल. आधी एक किरकोळ दुरुस्ती, माणसाच्या शरीरात पेशींच्या दहापट बॅक्टेरिया असतात हे वाक्य अजून फिरतंय, ते जुनं झालं. २०१६ मध्ये नीट हिशोब मांडला गेला, ७० किलोच्या माणसात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी, म्हणजे जवळपास बरोबरीचा मामला, आणि त्या सगळ्या बॅक्टेरियांचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास.

मूळ अडचण अशी आहे की आजारी माणसाच्या आतड्यातले जंतू वेगळे दिसले म्हणजे त्या जंतूंनी आजार केला असं होत नाही. ऑटिझमचंच घ्या. ऑटिझम असलेल्या मुलांच्या शौचात जंतूंची विविधता कमी दिसते असे कितीतरी पेपर आले. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २४७ मुलं घेऊन त्यांचं खाणंही बारकाईने नोंदवलं, तर चित्र उलटंच निघालं. ऑटिझम असलेली बरीच मुलं ठराविक तीनचार गोष्टीच खातात, खाण्यातली विविधता कमी म्हणून जंतूंची विविधता कमी. म्हणजे बाण आपण ज्या दिशेने काढला होता त्याच्या उलट दिशेने होता. आईबापांना उगाच महागडी पावडर विकणाऱ्यांनी हा पेपर वाचलेला दिसत नाही.

दुसरी अडचण आमच्या धंद्यातली आहे आणि बाहेरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. जंतूंचा डीएनए वाचून यादी काढायची पद्धत इतकी संवेदनशील आहे की नमुन्यात जंतू नसले तरी यादी येते. मी स्वतः हे भोगलंय. आमच्याकडे एकदा जवळपास निर्जंतुक असलेले नमुने आले, आमच्या ज्युनिअरने उत्साहाने सगळे चालवले, आणि प्रत्येकात डझनभर नावं! रात्री उशिरापर्यंत आम्ही तक्ते काढत बसलो, शोध लागला म्हणून. सकाळी कुणाच्या तरी डोक्यात आलं की कोरी नळी, ज्यात नुसतं पाणी घातलं होतं, ती बघूया, तर तिच्यातही तीच नावं. डीएनए काढायच्या किटमधल्या रसायनांमध्येच तो डीएनए होता. आम्ही आठवड्यात सावरलो, पण मोठेमोठे यात अडकलेत. २०१४ मध्ये वारेतही, म्हणजे प्लासेंटात, स्वतःची जंतूंची वस्ती असते असं जाहीर झालं आणि खूप गाजलं, २०१९ मध्ये केंब्रिजच्या टीमने ५३७ प्लासेंटा कडक काळजी घेऊन तपासले आणि वस्ती वगैरे काही नाही असं निघालं, बहुतेक सगळं किटमधलं किंवा बाळंतपणातलं, फक्त सुमारे ५ टक्क्यांमध्ये ग्रुप बी स्ट्रेप खरा होता (आणि ती माहिती मात्र कामाची आहे, नवजात बाळांना तो त्रास देतो). कॅन्सरच्या गाठींमधल्या जंतूंवरून कॅन्सर ओळखता येतो असा २०२० चा एक गाजलेला पेपर तर २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने मागेच घेतला, त्यात माणसाचाच डीएनए बॅक्टेरियाचा म्हणून मोजला गेला होता, आणि आकडेमोडीतही चूक होती.

म्हणून तुमच्या टेस्टच्या प्रश्नाचं उत्तर, नको. रिपोर्ट रंगीत येईल, नावं भारदस्त असतील, पण 'नॉर्मल' आतडं कसं असतं याचा ठरलेला मापदंडच आज नाही, तेच शौच सकाळी आणि दोन दिवसांनी दिलं तरी यादी बदलते, आणि त्या यादीवरून डॉक्टरांनी नक्की काय करावं हे कुणालाच सांगता येत नाही. ज्या कंपन्या टेस्ट विकतात त्यातल्या काही रिपोर्टच्या खाली आपलीच पावडर सुचवतात, यातच काय ते समजा. जुलाबात विशिष्ट जंतू शोधायची हॉस्पिटलमधली टेस्ट वेगळी, ती कामाची आहे, त्या दोघांत गल्लत करू नका.

खाण्याकडे येते. आंबवलेल्या पदार्थांबद्दल माझं मत बरंच बरं आहे. स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ माणसांवर एक छोटा पण नीटस अभ्यास झाला, दहा आठवडे अर्ध्यांनी दही, केफिर, किमची, कोंबुचा असलं भरपूर खाल्लं आणि अर्ध्यांनी फायबर वाढवलं. आंबवलेलं खाणाऱ्यांत जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातली सूज दाखवणारी १९ प्रथिनं खाली आली. फायबरवाल्यांत तेवढ्या काळात विविधता वाढली नाही, यावर मी जरा खट्टू झाले होते, पण दहा आठवडे कमी असतील किंवा त्यांच्या आतड्यात ते फायबर पचवणारे गडी मुळातच उरले नसतील. म्हणून फायबर सोडू नका, दोन्ही खा. आणखी एक, जिवंतच पाहिजे हा हट्टही आता ढिला होतोय. अॅकरमॅन्सिया म्युसिनिफिला नावाचा आतड्याच्या चिकट थरात राहणारा बॅक्टेरिया आहे, २०१९ च्या एका छोट्या चाचणीत जाड माणसांना तो जिवंत आणि पाश्चराइझ करून मारलेला असा दोन्ही प्रकारे दिला, तर इन्सुलिनवरचा परिणाम मारलेल्यानेच चांगला दिसला! त्याच्या भिंतीवरचं एक प्रथिन उष्णतेतही टिकतं आणि बहुधा काम तेच करतं. ३२ माणसांची चाचणी आहे, त्यामुळे लगेच शोधत फिरू नका, पण मला हे सगळं भलतंच मजेशीर वाटतं.

पण फूड लॅबमध्ये वर्षं काढल्यामुळे मला दह्यापेक्षा फ्रिजची जास्त काळजी असते हो. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, सावकाश पण वाढतो, आणि गरोदर बायांना तो फार महागात पडतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये तयार खायच्या मांसाच्या एका प्रकारातून पसरला तेव्हा हजारावर लोक आजारी आणि दोनशेच्या वर मेले. शिजवलेला भात बाहेर तासन् तास ठेवला तर बॅसिलस सेरियसचे बीजाणू, जे शिजवताना मरत नाहीत, ते उगवतात, आणि त्याचे काही स्ट्रेन असं विष करतात की नंतर कितीही गरम करा, विष तसंच. ज्या बॅसिलसच्या चुलतभावांना आम्ही खाद्यात प्रोबायोटिक म्हणून घालतो त्याच घराण्यातला हा. आणि कच्चं दूध 'नैसर्गिक जिवंत जंतूंचं' म्हणून पिणाऱ्यांना एवढंच, मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू सापडला, विषाणू दुधात प्रचंड प्रमाणात होता, आणि ते कच्चं दूध प्यायलेली गोठ्यातली मांजरं मेली. पाश्चरायझेशनने तो निष्क्रिय होतो.

आता जनावरं, माझा आवडता भाग, आणि खरं सांगू तर पुरावा इथे माणसांपेक्षा स्वच्छ आहे, कारण हजार पिल्लं एका वयाची, एका खाद्यावर, एका छताखाली मिळतात, माणसं अशी मिळत नाहीत.

कोंबडीपासून बघा. अंडी उबवणी यंत्रात फुटली की पिल्लाला आई भेटतच नाही, त्यामुळे आईकडून मिळायचे जंतू मिळत नाहीत, आतडं रिकामं, आणि साल्मोनेला आला की सरळ आत. फिनलंडमध्ये एस्को नुर्मी आणि रांटाला यांनी १९७३ मध्ये मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला माल नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला आणि पिल्लं साल्मोनेलापासून वाचली. जागा आधीच भरलेली, नव्याला शिरकाव नाही. वर वाइझमनच्या प्रयोगात जे तत्त्व आपल्या विरोधात गेलं तेच इथे बाजूने आलं, कारण रिकाम्या घरात कुणाला आधी बसवलं तेच ठरवतं.

गाईचं रुमेन, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, म्हणजे तर चालतंबोलतं आंबवणीचं पिंप, मोठ्या गाईत शंभर लिटरच्या वर, आणि त्यातल्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात बॅक्टेरिया. गवत गाय पचवत नाही, हे लोक पचवतात आणि गाय त्यांनी सोडलेल्या आम्लांवर आणि शेवटी त्यांच्यावरच जगते. यातली मला कायम सांगावीशी वाटणारी गोष्ट सुबाभळीची. सुबाभूळ चारा म्हणून उत्तम, पण त्यात मिमोसिन नावाचं विष, ऑस्ट्रेलियात जनावरांचे केस गळायचे, थायरॉइड बिघडायचं. आणि हवाई बेटांवरच्या शेळ्या तीच सुबाभूळ खाऊन मजेत. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना शंका आली की फरक शेळीत नसून शेळीच्या रुमेनमध्ये असणार, आणि १९८० च्या दशकात तिथले जंतू आणून ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या रुमेनमध्ये सोडले, तर तीही बिनघोर सुबाभूळ खायला लागली. त्या बॅक्टेरियाला पुढे त्यांच्याच आडनावावरून सिनर्जिस्टीस जोन्साय नाव मिळालं. एक जंतू, एक ठरलेलं काम, आधी-नंतर लख्ख दिसणारा फरक, याला म्हणतात पुरावा!

सध्याचं जोरातलं संशोधन मिथेनवर आहे. रुमेनमधले आर्किया (बॅक्टेरियासारखे दिसणारे पण वेगळ्या घराण्यातले सूक्ष्मजीव) हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करतात आणि गाय तो मुख्यतः ढेकरेतून सोडते (मागून नाही, सगळ्यांचा हाच गैरसमज), खाद्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. ३-नायट्रोऑक्सिप्रोपेनॉल हे रसायन त्या आर्कियांचं शेवटचं एन्झाइम अडवतं, दुभत्या गाईंमध्ये मिथेन साधारण ३० टक्के कमी होतो, युरोपात २०२२ ला आणि अमेरिकेत २०२४ ला परवानगी मिळाली. पण रोज द्यावं लागतं, बंद केलं की आर्किया पुन्हा कामावर. चरायला सोडलेल्या जनावराला ते द्यायचं कसं हा खरा डोक्याला ताप आहे.

खाद्यातल्या प्रोबायोटिक पावडरी, तर त्यातली यीस्ट रुमेनची आंबटगोडी सांभाळायला मदत करते आणि जास्त धान्य खाणाऱ्या दुभत्या गाईंना त्याचा उपयोग दिसतो, बॅसिलसचे बीजाणू गोळीखाद्याच्या उष्णतेत टिकतात म्हणून कोंबड्यांना ते बरे. पण पाकिटावर भरवसा ठेवू नका. आमच्याकडे एकदा एक पावडर तपासायला आली, लेबलवर सहा नावं, प्लेटवर उगवला एकटा बॅसिलस, बाकी पाच वाटेत कधीच वारले होते. उत्पादकाला फोन केला तर म्हणतात, 'मॅडम, भरताना होते.' असतीलही!

आणि आता परत माझ्या त्या एन्टेरोकोकसकडे. युरोपात अनेक वर्षं कोंबड्या-डुकरांना वजन वाढावं म्हणून अॅव्होपार्सिन नावाचं अँटिबायोटिक थोडंथोडं द्यायचे. ते व्हॅन्कोमायसिनचंच भावंड. परिणाम काय, धडधाकट जनावरांच्या आतड्यात व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारे एन्टेरोकोकस तयार झाले. डेन्मार्कने १९९५ ला बंदी घातली, १९९७ ला सगळ्या युरोपियन युनियनने, आणि २००६ पासून तिथे वजनवाढीसाठी कुठलंच अँटिबायोटिक खाद्यात चालत नाही. तेच पुन्हा कोलिस्टिनबाबत झालं, २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि पेशंटमध्ये एमसीआर-१ हा जीन सापडला, शेवटचं राखून ठेवलेलं औषधच निकामी करणारा आणि एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात उडी मारणारा. चीनने २०१७ ला वजनवाढीसाठी कोलिस्टिन देणं थांबवलं, भारताने २०१९ ला जनावरांत बंदी घातली, आणि चीनमध्ये नंतर डुकरांत आणि माणसांत दोन्हीकडे त्या जीनचं प्रमाण उतरलेलं दिसलं. म्हणून खाद्यात प्रोबायोटिक आले, अँटिबायोटिक काढल्यावर पिल्लं जगवायची कशी या प्रश्नातून आले, आणि म्हणून मंजुरी देताना आता त्या स्ट्रेनचा अख्खा जीनोम वाचून बघतात की हा स्वतःच प्रतिकाराचे जीन घेऊन फिरत नाहीये ना. माणसांच्या पावडरींना हीच कडक तपासणी सगळीकडे लागत नाही हे मला जरा खटकतंच, वासराची जास्त काळजी घेतली जाते.

तर तुमच्या हातातल्या पाकिटावर बघा, नावापुढे अक्षरं-आकड्यांचा स्ट्रेन नंबर आहे का, आणि जिवंत संख्या 'भरताना' लिहिलीय की 'एक्सपायरीपर्यंत'. नंबर नसेल तर डॉक्टरांना दुसरं सुचवायला सांगा किंवा सोडून द्या, काही बिघडत नाही. अँटिबायोटिकचा कोर्स मात्र सांगितलाय तेवढाच, ना मनाने वाढवायचा ना उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेला ठेवायच्या. आणि कोर्स संपल्यावर पुढच्या दोनेक महिन्यांत कधीही दिवसातून तीन-चार वेळा पाण्यासारखे जुलाब, ताप, पोटात कळ किंवा शौचात रक्त दिसलं तर कॅप्सूल शोधत बसू नका, जुलाब थांबवायची गोळीही स्वतःहून घेऊ नका, डॉक्टरांकडे जाऊन 'मध्यंतरी अँटिबायोटिक घेतलं होतं' हे वाक्य आधी सांगा, म्हणजे ते सी. डिफची टेस्ट लिहून देतील.